छपरावरचा हिवाळा

शाझाल, १९ नोव्हेंबर १९६१

कासिमिर,

ग्रनोब्लमधला तुमचा पत्ता बदलल्याचं तुझ्या बायकोने, सोलांजने कळवलं, म्हणून हे पत्र तरी तुझ्यापर्यंत पोचेल. तू स्वतः बहिणीला चार ओळी खरडल्या असत्यास तर बोटं झिजली असती का, असं विचारणार होते. पण पहिल्याच ओळीत भांडण नको, असं एव्हारिस्तचं म्हणणं आहे. माझा नवरा खाटेवर पडून मला मजकूर सांगतोय आणि मी त्यातलं काहीही लिहीत नाहीये.

काही विशेष घडलं म्हणून लिहितेय असं समजू नकोस. परवा गावाची पावाची भट्टी विझली. आठवडाभर सगळं गाव पिठात होतं, आज सगळे झोपा काढताहेत, म्हणून मला सवड मिळाली एवढंच. तू होतास तेव्हा भट्टीचा क्रम ठरवायच्या चिठ्ठ्यांनी टोपी भरून जायची. यंदा बार्थेलेमीने त्या मुठीतच धरल्या. बार्थेलेमी म्हणजे क्लोंचा धाकटा. लहानपणी आपल्या खेचरावरून पडला होता तोच आता आपला सरपंच आहे. पहिली चिठ्ठी माझी निघाली. म्हणजे वर्षभर गार पडलेली भट्टी मी तापवायची, त्यासाठी लाकूड माझं जाळायचं, आणि पाव मात्र माझाच सगळ्यांत चिकट व्हायचा. बायका माझ्याकडे बघून हळहळल्या, पण एकीनेही चिठ्ठी बदलून घेतली नाही. आपलं गाव आहे तसंच आहे, काळजी करू नकोस.

शेजारची ज्युस्तीन मळायला आली होती. तिला तू ओळखशील, अजूनही मनात येईल ते तोंडावर बोलते. पीठ काढताना तिने विचारलं, "सिदोनी, एकटीपुरतं मळायचं की दोघांपुरतं?"

वर्षाचा पाव एकदाच भाजायचा म्हटल्यावर हे विचारावंच लागतं. घरात किती तोंडं राहणार ते आजच ठरवायला हवं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माझा हात परातीतच थांबला.

"दोघांपुरतं," मी म्हटलं. "आणि पाहुणा आलाच तर त्याच्यापुरतंही."

"कोण पाहुणा येतोय तुझ्याकडे?"

"तू पीठ ओत."

तिने पोतं पूर्ण उलटं केलं.

एव्हारिस्तला थोडा खोकला आहे. बाकी गाई बऱ्या आहेत, बटाटा बेताचाच आला, पाद्री आता महिन्यातून एकदाच वर येतो आणि आला की घाईत असतो. नवा रस्ता घाटापर्यंत पक्का झालाय. बर्फ काढणारी गाडी शनिवारी वर येते आणि येताना पांढरा पावही आणते. तो पाव दुसऱ्या दिवशी कापसासारखा होतो, तरी लोक रांग लावतात.

मार्च १९३४ मध्ये या दारात उभा राहून तू काय बोललास, ते मी आज काढत नाही. मला पाठ आहे. तुलाही असेलच.

सिदोनी

शाझाल, ३ डिसेंबर १९६१

कासिमिर,

मागच्या पत्रात मी खोकला म्हटलं होतं. तो खोकला नाही. डॉक्टर वर येऊन गेला. त्याने छाती तपासली, पाय दाबून पाहिले, मग मला बाहेर गोठ्यात बोलावून म्हणाला, "नाताळ पाहतील. त्यापुढचं मी सांगत नाही." मी आत आले तर एव्हारिस्त म्हणतो, "त्याला गायही दाखवलीस की नाही? आलाच होता तर."

आता मुद्द्याचं लिहिते. परवा बार्थेलेमी आला. माझ्या टेबलाशी बसून माझीच कॉफी प्यायला, त्यात माझीच दारू ओतून घेतली, आणि मग बोलायला लागला.

"मावशी, सांगून ठेवतो, मागाहून म्हणाल कळवलं नाही. आता रस्ता हिवाळाभर उघडा असतो. कुणाचं काही झालं तर गाडी त्याला खाली इस्पितळात नेईल. तिथे थंड खोली आहे. छपराचं आता बंद. वरून तसा कागद आलाय."

"वरून म्हणजे कुठून? देवाकडून?"

"जिल्ह्यातून."

"अस्सं. मला वाटलं कुणी मोठा असेल."

"मावशी, थट्टा नको. आपण काय जंगलात राहतो? उद्या वर्तमानपत्रात आलं की शाझालचे लोक आपली मेलेली माणसं छपरावर ठेवतात, तर मी तोंड कुठे दाखवू?"

तेवढ्यात आतून खाटेवरून आवाज आला, "बार्थेलेमी, तुझ्या आजोबाला मीच वर चढवला होता रे! भलता जड होता. पण वर पोचल्यावर त्याने काही तक्रार केली नाही."

बार्थेलेमीला कॉफीचा ठसका लागला. चांगला मुलगा आहे तो, नुसता सरपंच झालाय. जाताना दारात हळूच म्हणाला, "हे बघा, घरच्या माणसांनी काय करायचं ते घरचं. त्या दिवशी मी दुसरीकडे तोंड करीन. पण गावातल्या कुणाचा हात लागू देणार नाही, आणि माझा तर नाहीच."

घरची माणसं. आम्हाला मूलबाळ नाही. एव्हारिस्त आपल्याकडे घरजावई म्हणून आला तेव्हा त्याच्या मागे कुणी नव्हतं, आजही नाही.

सोलांज हे वाचत असेल तर तिच्यासाठी लिहिते, कारण तिला कुणी नीट सांगितलंच नाही. आई चौतीसच्या जानेवारीत गेली. जानेवारीत इथली जमीन कुदळ घेत नाही, मे उजाडल्याशिवाय खड्डा होत नाही. म्हणून आम्ही तिला तागाच्या चादरीत गुंडाळलं आणि छपराच्या उत्तर बाजूला, बर्फाखाली, फळीवर ठेवलं. तिच्या आईला असंच ठेवलं होतं, तिच्या सासऱ्यालाही. कोल्हा पोचत नाही आणि ऊन लागत नाही. तुम्ही दोघं मार्चमध्ये बर्फ तुडवत आलात. सोलांजने येताना कागदी फुलं आणली होती आणि मला विचारलं, कबर कुठे आहे? मी वर बोट केलं. तिने वर पाहिलं आणि किंचाळली. तू माझ्याकडे वळून म्हणालास, "अशी तर कुत्र्यालाही कुणी बाहेर ठेवत नाही." मग तुम्ही पाण्याचा घोटही न घेता उतरलात. मे महिन्यात आईला पुरलं तेव्हाही तू आला नाहीस.

बघ, काढणार नव्हते ते शेवटी काढलंच.

एव्हारिस्तने मला काल सांगितलं, "सिदो, मला इस्पितळातल्या त्या लोखंडी कपाटात ठेवू देऊ नकोस. तिथे माझ्या ओळखीचं कुणी नाही."

मी काही मागत नाहीये. फक्त कळवते.

सिदोनी

शाझाल, १७ डिसेंबर १९६१

कासिमिर,

तुझं नाही, सोलांजचं कार्ड आलं. वर बर्फातलं चर्च छापलंय, खाली तिने लिहिलंय: "कासिमिर बरा आहे. तुमची पत्रं तो वाचतो." म्हणजे वाचता तरी येतं.

आता मी मागते. एव्हारिस्तला वर न्यायचं आहे आणि मला तू हवा आहेस. हे लिहायला मला सकाळपासून दोन कागद फाडावे लागले, तेव्हा पुढचं नीट वाच.

मी कुणाकुणाला विचारलं ते सांगते. आंब्रोआझला विचारलं. तो ठार बहिरा आहे, त्याला वाटलं मी छपराची दुरुस्ती म्हणते, आनंदाने हो म्हणाला. नंतर त्याच्या बायकोने सरपंचाचा निरोप त्याच्या कानात ओरडून सांगितला आणि तो माझ्याकडे बघेनासा झाला. ज्युस्तीन म्हणाली, "मी धरते एक टोक, मला काय सरपंच खातोय?" पण ती आणि मी, दोन म्हाताऱ्या, शिडीवर किती वेळ टिकणार? बाकी जे तरणे होते ते खाली कारखान्यांत गेले. हिवाळ्यात वर उरतं ते म्हाताऱ्यांचं गाव.

घर बाबांनी दोघांच्या नावावर ठेवलं होतं, हे तू विसरला असशील. छप्पर तुझंही आहे. तू शिडीला हात लावलास तर बार्थेलेमीला बोलायला जागा राहत नाही. मला माफी नको, गप्पाही नकोत. एका दिवसापुरते तुझे खांदे हवेत. त्यानंतर पुढची अठ्ठावीस वर्षं पुन्हा गप्प बसायचं असेल तर खुशाल बस.

सोलांजला हवं तर इकडे पाठवू नकोस. ती आली तरी चालेल म्हणा. जेवायला मी काय घालते ते तिने चाखलंच नाही कधी.

डॉक्टर पुन्हा आला होता. या खेपेस गोठ्यात बोलावलं नाही, मान हलवूनच गेला. एव्हारिस्त आता बसूनच झोपतो. श्वास घेताना खांदे वर जातात. गमती मात्र चालू आहेत. मी त्याची दाढी करत होते तर म्हणतो, "नीट कर, मेपर्यंत टिकायला हवी."

उत्तर दे. नाही म्हणायचं असेल तरी दे.

सिदोनी

शाझाल, २ जानेवारी १९६२

कासिमिर,

नवं वर्ष तुम्हा दोघांना सुखाचं जावो. हे मनापासून लिहिते.

तुझं उत्तर नाही. कालपर्यंत मला राग होता. आज राग नाही, दुसरंच काही झालंय.

काल संध्याकाळी त्याला सूप भरवत होते. अर्ध्यात त्याने चमचा बाजूला केला.

"सिदो, मला गाडीने खालीच जाऊ दे."

"का रे? तिथे ओळख निघाली वाटतं कुणाची?"

"तुझा भाऊ येणार नाही. मग तू एकटीच शिडी लावशील. तुझं डोकं मला माहीत नाही का? पाय घसरून पडशील, आणि मग आपण दोघंही वर. आपल्याला कोण चढवणार?"

मी हसले. खरंच हसले. मग गाईला पाणी दाखवते म्हणून गोठ्यात गेले आणि तिच्या मानेत तोंड घालून रडले. हे सोलांजला वाचून दाखवू नकोस.

कासिमिर, आता खरं सांगते. छप्पर त्याला नकोय. कधीच नको होतं. ते लोखंडी कपाट, ओळखीचं कुणी नाही, हे सगळं तो माझ्यासाठी बोलत होता, मला हवं ते मला मागावं लागू नये म्हणून. छप्पर मला हवंय.

आई वर होती तो हिवाळा मला आठवतो. सकाळी चूल पेटवली की मी वर बघून म्हणायचे, "आज कडाक्याची पडलीय." दुपारी ज्युस्तीनने कुणाची काय चुगली सांगितली ते सांगायचे. पहिले काही दिवस रडत सांगायचे, मग नुसतंच. फेब्रुवारीत एकदा तिच्यावर चिडलेसुद्धा, तिने चाव्या कुठे ठेवल्या ते सांगितलं नव्हतं म्हणून. असं करत करत मे आला. तिला जायला वेळ मिळाला आणि मलाही तिला जाऊ द्यायला. पुरलं त्या दिवशी मी एक टिपूसही काढलं नाही, आणि गावाने नावं ठेवली.

चाळीस वर्षं या माणसाशेजारी झोपलेय. सकाळी गाडी येणार, दुपारी खाट रिकामी, आणि संध्याकाळी मी एकटीच पावाचा तुकडा मोडत बसणार. हे एका दिवसात मला जमणार नाही. मला हा हिवाळा हवाय.

गाडी शनिवारी वर येते. घाटावरच्या आभाळाचा रंग मला आवडलेला नाही, त्यानंतर ती केव्हा येईल सांगता येत नाही. येणार असशील तर त्या गाडीने ये. आला नाहीस तर मी पुन्हा लिहिणार नाही. तो राग नसेल. लिहायला काही उरलेलंच नसेल.

सिदोनी

शाझाल, २९ जानेवारी १९६२

माझ्या भावा,

नीट पोचलास का? वळणावर गाडी सरकली असं आज पोस्टमन सांगत होता, आणि वर 'कुणाला लागलं नाही' हे शेवटी सांगितलं. त्याला मी पायरीवरच उभं ठेवलं, आत बोलावलं नाही.

इकडे सगळं ठीक आहे. बार्थेलेमी अजून रुसलेला आहे, तोही स्वतःवरच. आपण दोघं आणि ज्युस्तीन शिडीशी झटत होतो आणि तो वादळातून खाली मान घालून आला आणि त्याने एव्हारिस्तच्या पायांकडचं टोक उचललं, हे गावात कुणी पाहिलं नव्हतं. पण "मी हात लावला असं कुणाला सांगू नका" हे तो इतक्या लोकांना सांगत फिरतोय की आता पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक झालंय.

तू आलास त्या शनिवारी एव्हारिस्तने तुला ओळखलं, त्याचं मला किती बरं वाटलं ते मी तुझ्यासमोर बोलले नाही. तुला बघून तो म्हणाला, "अरे, तू तर माझ्याहून म्हातारा दिसतोस! आपण जागा बदलू या." आणि आल्यापासून दगडासारखा उभा असलेला तू खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलास. सोमवारी तो गेला तेव्हा त्याचा एक हात तुझ्याकडे होता, एक माझ्याकडे. त्याला आणखी काय हवं होतं?

वादळाने रस्ता बंद केला आणि तू अडकलास. इतके दिवस आपण एका छपराखाली राहिलो, एका टेबलाशी जेवलो, तू लाकडं फोडलीस, मी तुझे मोजे रफू केले, आणि आईचा शब्द दोघांनीही काढला नाही. मी दोनदा तोंड उघडलं होतं. दोन्ही वेळा तू उठून गाईकडे गेलास. या घरात ज्याला रडू येतं तो गाईकडेच जातो.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. रस्ता मोकळा झाला आणि गाडी वर आली, त्या सकाळी तुला वाटलं मी झोपलेय. मी झोपले नव्हते. खिडकीच्या फटीशी उभी होते आणि सगळं ऐकलं.

बार्थेलेमी म्हणाला, "कासिमिरमामा, वादळ होतं तोवर ठीक होतं. आता रस्ता उघडलाय. मावशी उठायच्या आत एव्हारिस्तना उतरवू आणि गाडीत ठेवू. तुम्ही तर शहाणे. अख्ख्या गावाला ठाऊक आहे तुम्ही त्या वेळी काय म्हणाला होता."

"म्हणालो होतो."

"कुत्र्यालाही असं ठेवत नाहीत, म्हणालात."

"हो. म्हणालो."

"मग? सरका की बाजूला."

"ती माझी आई होती. तेव्हा बोलायचा हक्क मला होता. हा हिचा नवरा आहे, इथे बोलायचा हक्क हिचा."

"त्या ऐकणार नाहीत हो."

"मग मीही नाही." आणि तू शिडीच्या खालच्या पायरीवर बसलास, तसा बर्फातच. "आधी मला उचल आणि गाडीत टाक. मग शिडीचं बघ."

गाडीवाल्याने भोंगा वाजवला. बार्थेलेमीने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. शेवटी म्हणाला, "मे महिना. मे उजाडला की एक दिवस जास्त नाही." आणि तू म्हणालास, "मे उजाडला की हिला सांगायची गरज पडणार नाही."

हे तुला कुठून कळलं, कासिमिर? मी तर फक्त पत्रात लिहिलं होतं. म्हणजे खरंच वाचत होतास.

सकाळी चूल पेटवली की मी वर बघते. आज त्याला सांगितलं की तू नीट पोचला असशील. बोलताना आवाज अजून फुटत नाही नीट. पण बोलते.

सोलांजला माझा नमस्कार सांग. आणि डोंगर चढून आलेल्या नवऱ्याला गरम काही पाज म्हणावं.

तुझी बहीण

शाझाल, २० मे १९६२

कासिमिर,

सोलांजचं पत्र मिळालं. तुझी छाती अजून भरलेली आहे आणि डॉक्टरने प्रवास करू दिला नाही, ते वाचलं. या खेपेस तू आला नाहीस म्हणून मी रागावले नाही. आधी बरा हो.

शुक्रवारी त्याला पुरलं. आठवडाभर छपराच्या कडेने पाणी गळत होतं, गाई आत थांबायला तयार नव्हत्या, आणि आंब्रोआझने कबरस्तानात कुदळ मारून पाहिली तर ती सबंध आत गेली. तो धावत सांगायला आला आणि बहिऱ्या माणसासारखा ओरडून म्हणाला, "जमीन उघडली!" साऱ्या गावाने ऐकलं. मी तयार होते. तू बार्थेलेमीला म्हणालास तसंच झालं, मला कुणी सांगायला लागलं नाही.

बार्थेलेमी, कारखान्यातून वर आलेले त्याचे दोघे भाऊ आणि आंब्रोआझ यांनी त्याला उतरवलं. या वेळी सरपंचाने तोंड दुसरीकडे केलं नाही. पेटीत ठेवण्याआधी जुनी चादर बदलायची म्हणून मी आणि ज्युस्तीन आत त्याच्याजवळ थांबलो. तो झोपल्यासारखाच होता. दाढीसुद्धा टिकली होती. मी चादर छातीपर्यंत उघडली आणि ज्युस्तीन म्हणाली, "अगं, हे काय?"

त्याच्या हातांत हातमोजे घातलेले होते.

मी त्याला जानेवारीत तयार केलं तेव्हा हात उघडे होते, हे मी शपथेवर सांगेन. बोटांत जपमाळ मीच गुंफली होती. आता जपमाळ मोज्यांवरून गुंडाळलेली होती. राखाडी रंगाचे, करडाच्या मऊ कातड्याचे, आतून सशाची लव लावलेले. असे मोजे शाझालमध्ये कधी कुणी घातले नाहीत. मी त्याचा हात हळूच उलटा केला. करंगळीच्या बाजूची शिवण मनगटापासून उसवलेली होती, ताठ झालेली बोटं आत जावीत म्हणून, आणि मग मोजा दोऱ्याने मनगटाशी बांधून टाकलेला. ग्रनोब्लमध्ये तू आयुष्यभर हातमोजे कापलेस, एवढंच मला ठाऊक होतं. तुझं काम मी शुक्रवारी पहिल्यांदा पाहिलं.

मग एकेक आठवत गेलं. त्याला वर ठेवलं त्या दिवशी आम्ही तिघं खाली उतरलो आणि तू वरच राहिलास. "मी बर्फ ओढून येतो," म्हणालास. मला वाटलं दम लागलाय, खाली कबूल करायचं नाही. आणि निघताना मी तुझा हात धरला तेव्हा तो लाल होता, भेगा पडलेला. मी टोमणाही मारला, हातमोज्यांच्या गावात राहतोस आणि हात उघडे? तू म्हणालास, "विसरलो कुठेतरी."

ज्युस्तीन ते काढायला निघाली होती, इतके चांगले आहेत म्हणून. मी म्हटलं, "राहू दे. त्याच्या मेव्हण्याने घातलेत." ते तसेच त्याच्याबरोबर गेले.

मेलेल्या माणसाला थंडी वाजत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तुला ते कधी पटलंच नाही, हो ना? आणि मी एवढी वर्षं धरून चालले की तुला आमची लाज वाटली. शहरात राहायला गेला, शहरातली बायको केली, तिच्यापुढे आम्ही त्याला रानटी दिसलो, हेच मी स्वतःला सांगत आले, आणि विचारील त्यालाही सांगत आले. तू मात्र त्या दिवशी दारात उभा राहून वर बघत होतास आणि तुला एवढंच दिसत होतं की आई उघड्यावर आहे आणि तिला थंडी वाजतेय. कुत्र्याचं जे बोललास ते त्या थंडीपायीच. लाज नव्हती ती. रडू होतं. माझं रडू वेगळं होतं, म्हणून मला तुझं ओळखता आलं नाही.

बरा झालास की ये. सोलांजला घेऊन ये. जानेवारीत तुला कबरस्तानात बर्फाखेरीज काही दिसलं नसेल, म्हणून सांगते. आईची जागा भिंतीच्या दक्षिण अंगाला आहे, सबंध दिवस ऊन असतं. दुपारी तिथली माती हाताला गरम लागते. ये आणि हात लावून बघ.

सिदोनी